पानामागचे साहेब

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या रो-हाउसच्या आणि शेजारच्या मावशींच्या घराच्या मध्ये एक भिंत आहे, कमरेएवढी. एका टोकाला मावशींची कोरफडीची कुंडी, दुसऱ्या टोकाला आमची पायपुसणी वाळत असतात, आणि मधे दोन माणसांची कोपरं टेकतील एवढी जागा गुळगुळीत झालेली आहे. ती मी आणि मावशींनी वीस वर्षांत घासून केली.

२०२५ च्या जुलैत, मावशींची लेक आली होती. मिशिगनला असते, डेट्रॉईटजवळ. तिकडच्या शाळांना सुट्टी तेव्हाच, म्हणून ऐन पावसात येते, आणि पोरांची पोटं बिघडली की म्हणते, पुढल्या खेपेला थंडीत येऊ. त्या दिवशी जरा उघडीप होती. मावशी भिंतीवर सूप ठेवून कर्टुली पुसत होत्या. समोरच्या रस्त्यावर घोटाभर पाणी, आणि कोपऱ्यावरचा नाला तोंड वर करून बसलेला.

"तुंबला परत," मावशी म्हणाल्या. "कोणाला सांगायचं आता? नगरसेवक तर तीन वर्षांपासून नाहीतच."

"आमच्याकडे नाल्याच्या माणसालाच मत देतात," लेक म्हणाली.

मला वाटलं, ही थट्टा करते आहे. पण नाही. मिशिगनमध्ये बहुतेक काउंट्यांना, म्हणजे आपल्या जिल्ह्यांना म्हणा, एक ड्रेन कमिशनर असतो आणि तो लोकांनी निवडून द्यायचा. काही ठिकाणी आता त्याला जरा भारदस्त नाव दिलंय, वॉटर रिसोर्सेस कमिशनर, पण काम तेच, गटारं आणि नाले. चार वर्षांनी तो परत मतं मागायला येतो.

मावशींनी हातातलं कर्टुलं सुपात टाकलं. "हे मात्र आपल्याकडे पाहिजे. मी स्वतः त्याचा प्रचार करीन. किंवा त्याला पाडीन."

मग लेकीनं तिच्या मतपत्रिकेचं पुराण काढलं. मतपत्रिका कसली, जाडजूड कागद, पुढून-मागून छापलेला, आणि मागितला तर टपालानं घरीच येतो, मतदानाच्या महिनाभर आधी. जेवणाच्या टेबलावर बसून काळ्या पेनानं गोल भरायचे. नवरा-बायकोची मतं जुळत नाहीत, म्हणून मधे मिठाच्या बरणीचा आडोसा. त्या कागदावर राष्ट्राध्यक्ष, खासदार, राज्याचे आमदार, शेरीफ, हे नाल्याचे साहेब, शाळेचं बोर्ड, अगदी मिशिगन युनिव्हर्सिटीचे रीजंट, म्हणजे विद्यापीठाची कारभारी मंडळीसुद्धा.

"पुणे विद्यापीठाला असं केलं तर?" मी म्हटलं.

"सिनेटच्या निवडणुकीला काय कमी होतं का गं? आणि सावानाचं विसरलीस? वाचनालयाची निवडणूक ती, पण पॅनेल काय, पत्रकं काय!" मावशी सावानाच्या जुन्या सभासद. सार्वजनिक वाचनालय १८४० चं, आणि त्यातलं राजकारणही तेवढंच जुनं असावं असा माझा अंदाज.

मत दिलं की तिकडे बोटाला शाई नाही, स्टिकर देतात. २०२४ ला मिशिगननं स्टिकरची स्पर्धा घेतली होती, आणि त्यात शाळकरी पोरीनं काढलेला एक लांडगा-माणूस गाजला, अंगातला शर्ट टराटरा फाडून ओरडणारा. तो आता मावशींच्या फ्रिजवर आहे, नातवानं चिकटवलेला. मावशी त्याला 'तिकडचा उमेदवार' म्हणतात.

तिकडचं मतदान ५ नोव्हेंबर २०२४ ला झालं आणि आपलं विधानसभेचं २० नोव्हेंबरला, पंधरा दिवसांच्या अंतरानं. मावशींच्या घरी तेव्हा दोन्ही निवडणुका चालू होत्या, एक फोनवर, एक दारात. आणखी गंमत म्हणजे मतदानाची जी चिठ्ठी घरी आली तिच्यात लेकीचं माहेरचं नाव अजून होतं. पोरीनं हात वर करून अमेरिकेची शपथ घेतली, इथला पासपोर्ट परत केला, दोन पोरं झाली, पण आमच्या यादीत ती अजून कुमारी आणि सिडकोतच राहणारी.

"आमदारांचं तिकडे कसं असतं?" मी विचारलं. आपल्याला तेवढंच कळतं.

त्यांचं खालचं सभागृह ११० जणांचं, आणि मुदत फक्त दोन वर्षं. निवडून आला, सत्कार घेतले, की लगेच परत दारोदार. २०२४ मध्ये तिथं रिपब्लिकनांनी ५८ विरुद्ध ५२ अशी बाजू पलटवली. वरचं सभागृह ३८ जणांचं, त्याला चार वर्षं, त्याची पाळी त्या वेळी नव्हती. अख्ख्या राज्याची वस्ती कोटभर. म्हणजे आपल्या २८८ पुढे तो प्रकार तालुक्याच्या मानानं चाललेला.

"त्या ११० मध्ये आपला माणूस होता की," मावशी म्हणाल्या. "तो बेळगावचा. पुस्तक नाही का त्याचं, 'ही श्रीची इच्छा'. सावानातून आणून वाचलंय मी."

श्री ठाणेदार. जन्म चिक्कोडीचा, वाढले बेळगावात, शिकायला अमेरिकेत गेले, रसायनशास्त्रात डॉक्टर झाले, धंद्यात पैसा केला, घालवला, परत केला. २०१८ साली मिशिगनच्या थेट गव्हर्नरपदासाठी उतरले आणि पक्षातल्याच निवडणुकीत तिसरे आले. मग दमानं घेतलं. २०२० ला राज्याचे आमदार झाले आणि २०२२ ला वॉशिंग्टनला खासदार. लेकीचा मतदारसंघ वेगळा, त्यामुळे तिनं त्यांना मत दिलेलं नाही, पण मावशी कॉलनीत सांगताना तो तपशील गाळतात.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग लेक म्हणाली, "आणि कागद उलटला की मागच्या बाजूला जज."

"जज काय?"

"जजना पण मत द्यायचं. राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या."

मावशींच्या हातातलं फडकं थांबलं. ह्याचं कारण आमच्या सगळ्या गल्लीला माहीत आहे. मावशींचा गावाकडच्या जमिनीचा हिस्सेवाटपाचा दावा २००९ पासून चालू आहे. मावशींचे यजमान त्या दाव्यातच गेले. मग वारस लावायचे म्हणून वर्ष गेलं, मग मोजणीसाठी, मग करोना, मग दिराच्या वकिलाच्या आजारपणासाठी. दर तीनेक वर्षांनी साहेबांची बदली होते, नवे साहेब फाइल पहिल्यापासून उघडतात. मावशींना चार साहेब झाले. "दोन नवऱ्यांचं नशीब नव्हतं, पण चार साहेब केले," असं त्या स्वतःच म्हणतात, आणि मग जीभ चावतात.

"नीट सांग," त्या म्हणाल्या.

तर ते असं आहे. मिशिगनच्या सुप्रीम कोर्टात, म्हणजे आपलं हायकोर्ट धरून चला, सात जज. मुदत आठ वर्षं. उमेदवार ठरवतात पक्षच, ऑगस्टात त्यांची अधिवेशनं होतात तिथं. पण कागदावर जजच्या नावापुढे पक्ष छापत नाहीत. जज निष्पक्ष, म्हणून. पुढच्या बाजूला एकच गोल भरला की पक्षाच्या जागांची सगळी मतं एकाच पक्षाला जातात अशी सोय असते. पुष्कळ लोक तो एक गोल भरतात, पेनाला टोपण लावतात आणि कागद उलटायचा विसरतात.

"म्हणजे तिकडे पक्ष असतो पण छापत नाहीत," मी म्हटलं, "आणि इकडे छापतात पण टिकत नाही."

कारण तेव्हा आमच्या भिंतीवर ताजा विषय तोच होता. आमचा नाशिक पश्चिम. नोव्हेंबरात सीमाताई हिरे कमळावर, समोर सुधाकर बडगुजर मशाल घेऊन. गल्लीत दोन तट, भाऊ-भाऊ बोलेनात. हिरेताई तिसऱ्यांदा आल्या. आणि २०२५ च्या जूनमध्ये बडगुजरच भाजपमध्ये. गल्लीतले ते दोन भाऊ अजून बोलत नाहीत, आता कशावरून बोलत नाहीत ते त्यांनाही सांगता येत नाही. आणि विधानसभेच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी आपल्याच जिल्ह्यात एबी फॉर्म हेलिकॉप्टरनं आले होते, तेही मित्रपक्षाच्या उमेदवाराविरुद्ध. आयुष्यात पहिल्यांदाच हेलिकॉप्टरनं कागद आलेला पाहिला नाशिकनं. एरवी ते फक्त माणसं घेऊन येतं.

"ते राहू दे," मावशी म्हणाल्या. "जजचं सांग. मत कशावर देतात? त्यांचं काम कोणाला कळतं?"

"कोणालाच नाही," लेक म्हणाली. ह्या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटलं. "व्हॉट्सॲपवर याद्या फिरतात, ह्यांना द्या, त्यांना द्या. खुर्चीवर असेल त्या जजच्या नावाखाली 'सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश' असं छापलेलं असतं, तेवढाच आधार. नाहीतर नाव बघतात. बाई आहे का पुरुष, आडनाव कुठलं वाटतं."

२०२४ ला दोन जागा होत्या. एकीवर कायरा हॅरिस बोल्डन. ह्या बाई आधी आमदार. २०२२ ला सुप्रीम कोर्टासाठी उभ्या राहिल्या आणि पडल्या. तेवढ्यात एक जज मुदतीआधीच निघून गेल्या, तर गव्हर्नर व्हिटमरबाईंनी रिकाम्या जागेवर ह्यांनाच नेमलं. त्या कोर्टातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला जज. मग उरलेल्या मुदतीसाठी २०२४ ला परत उभ्या, आणि ह्या वेळी आल्या. दुसऱ्या जागेवर विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या किंबर्ली थॉमस आल्या, आणि त्यांच्यासमोर पडले ते अँड्र्यू फिंक, तेही आमदारच.

"थांब थांब," मावशी म्हणाल्या. "आपल्याकडे पडलेल्यांना विधान परिषदेवर घेतात. तिकडे सुप्रीम कोर्टावर?"

एवढ्यात आमचे हे बाहेर आले. हे तीस वर्षं वकिलांकडे कारकून आहेत. काळा कोट नाही, पण कोर्टाच्या आवारात पुकारा कुठल्या क्षणी होणार हे वकिलांपेक्षा ह्यांना आधी कळतं. 'जज' शब्द कानावर पडला की हे चहा अर्धा ठेवून येतात.

मावशींनी लगेच साक्ष काढली. "भाऊ, आपले साहेब कसे होतात हो?"

ह्यांनी कंबर सरळ केली. खालच्या कोर्टाचे एमपीएससीची परीक्षा देऊन येतात. त्यावर २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की पुढच्या भरतीपासून आधी तीन वर्षं वकिली करायची, मगच परीक्षेला बसायचं. "बरं केलं," हे म्हणाले, "पोरं कॉलेजातून थेट डायसवर बसायची आणि दरखास्त म्हणजे काय ते आम्हाला विचारायची." हायकोर्टाचं वेगळं. तिथं कॉलेजियम, म्हणजे वरचे जज मिळून नावं काढतात आणि सरकारकडे पाठवतात. १९९३ च्या निकालापासून हे चालू. सरकारनं घटना बदलून त्यासाठी आयोग आणला, तर २०१५ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं तो रद्दच केला.

"म्हणजे भिशी," मावशी म्हणाल्या. "पुढची कोण घ्यायची ते आतल्यांनीच ठरवायचं. बाहेरचीनं बेल वाजवली तर म्हणायचं, जागा नाही."

हे हसले, पण जरा दुखावले. कोर्टाबद्दल बाहेरच्यानं बोललेलं ह्यांना चालत नाही. स्वतः दिवसभर बोलतात.

"आणि वयाची अट?"

हायकोर्टाला ६२, सुप्रीमला ६५. मिशिगनला सत्तरी गाठली की उभं राहता येत नाही, पण आधी निवडून आलेला मुदत पुरी करतो.

"बघा," मावशी म्हणाल्या, "तिकडे सत्तरीपर्यंत जज. आणि मला ६६ ला बहीणसुद्धा होता आलं नाही." लाडकी बहीण योजनेला ६५ ची अट होती. महिन्याचे १५०० रुपये हुकले ते हुकले, पण 'बहीण' म्हणून नाकारलं हे त्यांना जास्त लागलं. मतदानाला मात्र त्या सकाळी सातलाच रांगेत होत्या. कोणाला दिलं विचारलं तर म्हणाल्या, माझ्या वयाच्या उमेदवाराला.

लेकीनं मग विस्कॉन्सिनचं सांगितलं. मिशिगन तळ्यापलीकडचं ते राज्य. २०२५ च्या १ एप्रिलला तिथं सुप्रीम कोर्टाच्या एका जागेची निवडणूक झाली. एका! आणि खर्च किती, तर दहा कोटी डॉलरच्या वर. इलॉन मस्क स्वतः जाऊन सभेत दहा-दहा लाख डॉलरचे चेक वाटून आला. आणि ज्याच्यासाठी वाटले तो ब्रॅड शिमेल पडला. सुझन क्रॉफर्ड आल्या.

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "जजच्या निवडणुकीत चेक?"

"आणि आपण इथं नथीचं घेऊन बसलो," मी म्हटलं. २०२४ च्या जूनमध्ये शिक्षक मतदारसंघाच्या वेळी नथ आणि सफारीच्या कापडाची केवढी चर्चा होती पेपरात. नाशिकपासून नंदुरबारपर्यंत पाच जिल्ह्यांतले मास्तर, आणि बोलणं काय तर कापड किती मीटर. दहा लाख डॉलरात अख्ख्या येवल्याच्या पैठण्या येतील.

मावशी मात्र खर्चात अडकल्या नव्हत्या. त्यांची नजर लांब लागली होती, नाल्याच्याही पलीकडे.

"काही म्हणा," त्या म्हणाल्या, "पण साहेब एकदा तरी दारात येतो ना? हात जोडून? मी म्हटलं असतं, या साहेब, बसा, पाणी घ्या. सोळा वर्षं झाली, मी तुमच्या दारात बाकावर बसते, आज तुम्ही बसा. आणि मग विचारलं असतं, माझा निकाल कधी लावता? लावत असाल तर मत."

बोलताना त्यांचा आवाज जरा चढला. समोरच्या घरातली खिडकी उघडली. तिकडे कान असतोच.

लेक थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, पण तो काकांच्या दारात पण गेला असता ना."

"जाऊ दे की."

"काकांकडे मतं किती?"

मावशींनी उत्तर दिलं नाही. पण मी त्यांची बोटं बघत होते. अंगठा करंगळीच्या पेरावर गेला आणि वर चढायला लागला. दीर-जाऊ दोन, चार पोरं, चार सुना, थोरल्याची दोन नातवंडं आता अठराची झालेली. बारा. शिवाय गावची विकास सोसायटी दिराच्या हातात, कर्ज त्याच्या सहीनं मिळतं. मळ्यातली वस्ती, भावकी, ज्यांच्या पोरांना त्यानं बाजार समितीत चिकटवलं ती घरं. अंगठा दुसऱ्या हातावर गेला आणि मधेच थांबला. इकडे मावशी एकट्या. लेक तर अमेरिकेची.

"आमच्या मामंजींचं माहिताय तुला?" त्या मला म्हणाल्या. "ते न्यायपंच होते."

हे मला नवीन होतं. ह्यांना नव्हतं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायती होत्या, पाच-सात गावं मिळून एक. गावच्या पंचायतीनं एक जण निवडून पाठवायचा. बारीकसारीक भांडणं, थोडा दंड, एवढीच ताकद. पुढे सत्तरच्या दशकात त्या बंद झाल्या.

"सासूबाई सांगायच्या. एका विधवेच्या हरभऱ्यात पाटलाचे बैल शिरले, सगळा फडशा. मामंजींनी पाटलाला दंड केला. सतरा रुपये. पाटलानं तिथल्या तिथे मोजले, वर रामराम घातला. आणि पुढल्या पंचायतीच्या निवडणुकीत मामंजी पडले."

"आणि ती बाई? तिनं तरी मत दिलं असेल."

"ती पाटलाच्याच वाड्यावर दळायला जायची," मावशी म्हणाल्या. "खायचं काय तिनं?"

कोणी काही बोललं नाही. रस्त्यावरून एक रिक्षा पाणी उडवत गेली. मावशींनी सूप पुढं ओढलं आणि राहिलेली कर्टुली भराभर पुसायला घेतली. ह्यांना गप्प बसणं जमत नाही, म्हणून हे म्हणाले, "निवडणूक आमच्यातही असते की. वकिलांच्या बारची. बघा एकदा आवारात येऊन. वर्षभर एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे वकील एका पॅनेलमध्ये हसून फोटो काढतात. पण डायसवरच्या माणसाला त्यात नाही ओढत कोणी."

"म्हणून तर सोळा वर्षं," मावशी पुटपुटल्या.

ह्याला ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. लेकीकडे बघितलं तर ती नखानं भिंतीवरचं शेवाळ खरवडत होती. तिनं एवढंच सांगितलं की त्या दिवशी कागद उलटल्यावर ती जजच्या नावांपाशी बराच वेळ पेन धरून बसली होती. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, कोणालाही दे, आपली काय केस आहे. आणि तिच्या डोक्यात तेव्हा आईची फाइल आली. पिवळी, सुतळी बांधलेली.

"मग काय केलंस?"

"दोन्हीकडे बायकांना दिलं."

"का?"

"असंच," ती म्हणाली आणि हसली. "आल्या ना निवडून."

मावशींनी तिच्या डोक्यात हलकेच टपली मारली. "शिकलेली म्हणे. अगं, जजचं काम बघायचं का बाई आहे की बुवा ते बघायचं? न्यायाच्या खुर्चीला असलं काही नसतं. आम्ही अडाणी, आम्हाला कळतं."

पावसाचे थेंब सुरू झाले. मी पायपुसणी ओढली, ह्यांना उरलेल्या चहाची आठवण झाली. मावशी सूप उचलून वळल्या आणि परत भिंतीपाशी आल्या.

"भाऊ, २४ ला तारीख आहे माझी. नवे साहेब आलेत म्हणे जूनमध्ये. बघितलेत तुम्ही?"

"बाई आहेत," हे म्हणाले. "कडक आहेत. उगाच तारीख देत नाहीत."

"बाई?" मावशींचा चेहरा उजळला. त्यांनी एकदा लेकीकडे चोरून बघितलं, ती पोरांना आत हाकण्यात गुंतली होती. मग कुंडीवरून पुढं वाकून त्यांनी आवाज खाली आणला.

"आडनाव काय हो त्यांचं?"

ह्यांनी सांगितलं.

मावशी सूप पोटाशी धरून पावसात तशाच उभ्या राहिल्या, ओठांतल्या ओठांत ते आडनाव दोनदा म्हणून बघत.

"सटाण्याकडचे असतात ना हे?" त्या म्हणाल्या. "माझ्या आत्याला तिकडंच दिलेली."